पाळणाघराच्या छतावरचा पांढरा लेप : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

नागपुरातल्या आमच्या पाळणाघराला दोन खोल्या आहेत. पुढची स्लॅबची आणि मागची पत्र्याची. पुढे रस्त्याची वर्दळ असल्यामुळे मुलांना दुपारी निजवायचे ते मागच्याच खोलीत, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकू लागला की नेमकी तीच खोली भट्टी होते. कूलर होता, खिडकीला वाळ्याची ताटीही होती, तरी दोनच्या सुमारास मुले घामाने भिजून किरकिरत उठत. लहान मुलांचे शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभागाने मोठे असते, त्यांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि तहान लागल्याचे त्यांना धड सांगता येत नाही. त्यामुळे मोठ्यांना जो उकाडा नुसता नकोसा वाटतो, तो त्यांना लवकर बाधतो. म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये दोन्ही छतांवर ऊन परावर्तित करणारा पांढरा लेप लावून घेतला. मजुरीसह दर 24 रुपये चौरस फूट होता, आणि सुमारे 700 चौरस फुटांचे 16,800 रुपये झाले.

काम दोन दिवस चालले आणि त्यामुळे एक गोष्ट अनायासे पाहायला मिळाली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मागच्या खोलीच्या अर्ध्याच पत्र्यांवर लेपाचे दोन हात झाले होते. एसी दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराचे बंदुकीसारखे तापमापक मागून आणले होते. ते खोलीत उभे राहून वर धरले, तेव्हा कोऱ्या पत्र्याचा खालचा भाग 58 अंश आणि शेजारच्या रंगवलेल्या पत्र्याचा 43 अंश निघाला. खोली एकच, वेळ एकच. खरे तर यंत्राचीही गरज नव्हती. स्टुलावर चढून हात वर केला की एका बाजूला तळव्याला धग लागत होती आणि चार फूट सरकल्यावर ती थांबत होती.

खोलीतल्या हवेचे तापमान मात्र इतके उतरत नाही, आणि विक्रेत्याच्या बोलण्याशी माझा पहिला मतभेद इथे आहे. "आतले तापमान दहा अंशांनी कमी होईल," असे त्याने सांगितले होते. भिंतीवरच्या साध्या तापमापकावर आम्हांला मे महिन्यात फरक दिसला तो साधारण दोन-तीन अंशांचा. बाहेरची हवाच 44 अंशांची असताना आणि ती दारे-खिडक्यांतून आत येत असताना छत रंगवून खोली तिच्यापेक्षा फार थंड होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तरीही या दोन-तीन अंशांवरून लेपाची किंमत करणे अन्यायाचे ठरेल. तापलेला पत्रा हवा तापवतो त्याहून अधिक, खाली निजलेल्या अंगावर सरळ उष्णता फेकतो, आणि ती हवेच्या तापमापकाला पुरती कळत नाही. जमिनीवर सतरंजीवर उताणे निजणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर तर सगळा पत्राच असतो. त्या वर्षीच्या नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मुले पाऊण तासाऐवजी दीड-दीड तास निजली. आमच्या मावशींनी तापमापकाकडे न पाहताच लेपाला पसंती दिली.

पत्र्याबद्दल एक गैरसमज मीही बाळगून होते. जस्ताचा नवा पत्रा चकाकतो, म्हणजे तो ऊन परतवतच असणार, मग पांढऱ्या रंगाचे कौतुक कशाला? पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो हे खरे. पण जी उष्णता शोषली जाते ती आकाशाकडे सोडून द्यायला उघडा धातू फार कंजूष असतो, म्हणून तो तापतच जातो. पुढे गंजून काळवंडला की परतवणेही कमी होते. पांढरा लेप दोन्ही कामे करतो. त्यामुळे खरेदी करताना दोन आकडे विचारावेत : सौर परावर्तन किती आणि उष्णता-उत्सर्जन किती. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीत कमी उताराच्या थंड छतांसाठी हे आकडे अनुक्रमे किमान 0.60 आणि 0.90 असे आहेत. आम्हांला मिळालेल्या पत्रकावर फक्त 'एसआरआय' हा एकत्रित निर्देशांक ठळक छापलेला होता. त्यात प्रमाण काळा पृष्ठभाग 0 आणि प्रमाण पांढरा 100 धरतात. पण छापलेला आकडा कोऱ्या लेपाचा होता, आणि धूळ बसलेल्या लेपाचा कुठेच नव्हता.

धुळीचा मुद्दा किरकोळ नाही. या वर्षी एप्रिलमध्ये छत राखाडी दिसत होते आणि खोलीतली जुनी धग थोडी परत आली होती. एका सकाळी दोन तास पाणी आणि मऊ झाडूने छत धुऊन काढले, तेव्हा ते पुन्हा पांढरे झाले. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ही धुलाई करायची हे कोणीही सांगितले नव्हते.

खरी तक्रार कामाबद्दल आहे. कंत्राटदाराच्या माणसांनी पन्हाळीजवळचा गंज तारेच्या ब्रशने नीट खरवडला नाही, वरून सरळ प्रायमर मारला. पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे दीड-दोन फुटांच्या पट्ट्यात पोपडे निघाले. हमी पाच वर्षांची होती, पण "गंज हा हमीत येत नाही" एवढे एकच उत्तर फोनवर मिळाले. लेपात दोष नाही, हे उरलेले छत पाहून कळते. पूर्वतयारीकडे मात्र स्वतः उभे राहून लक्ष द्यावे.

स्लॅबच्या खोलीचा अनुभव तितका उत्साहाचा नाही. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि संध्याकाळनंतर आत सोडतो; लेपाचा फायदा तेव्हाच जाणवतो, आणि आमचे पाळणाघर साडेसहाला बंद होते. घरासाठी तोच लेप उपयोगी ठरेल, आम्हांला तो थोडा महागात पडला. शिवाय समोरच्या इमारतीतल्या काकू दुसऱ्या मजल्यावरून म्हणतात, "ताई, तुमच्या गच्चीनं डोळे दिपतात हो." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पैशांची अडचण असेल तर चुना हा जुना उपाय टाकाऊ नाही. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या गच्चीवर दर मार्चला चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात देतात. तो पावसात धुऊन जातो, पण उन्हाळा निभावतो आणि खर्च आमच्या तुलनेत नगण्य आहे. पत्र्याच्या उतारावर मात्र चुना टिकत नाही, तिथे लेपच घ्यावा. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचे धोरण आणून सरकारी इमारतींना ती सक्तीची केली आहेत. आपल्याकडच्या पत्र्याच्या अंगणवाड्यांपासून अशी सुरुवात झाली तर फार बरे.

पन्हाळीजवळचा पट्टा दिवाळीनंतर आमच्याच रंगाऱ्याकडून खरवडून पुन्हा रंगवून घेणार आहोत. स्लॅबवर मात्र आणखी पैसे घालणार नाही; त्यातून मागच्या खोलीच्या भिंतीत वर झरोका पाडून एक्झॉस्ट पंखा बसवायचा आहे, कारण जूनच्या दमट हवेत कूलर निकामी होतो आणि पत्र्याखाली कोंडलेली हवा बाहेर काढणे लेपाच्या हातात नाही.