बागेतलं तळं नितळ ठेवायचं: ड्रम, झाडं की तयार फिल्टर?

सहा बाय चार फूट आणि दीड फूट खोल हौदात साधारण हजार लिटर पाणी मावतं. अंगणातलं कमळाचं तळं बहुतेकदा एवढंच असतं, म्हणून खालचा हिशोब याच मापाचा.

पाणी हिरवं झालं की लोक फिल्टर शोधायला निघतात. खरं तर ते तरंगतं शेवाळ असतं, गप्पी माशांना त्याचा त्रास नाही. उलट तळ दिसणाऱ्या नितळ पाण्यातही मासे मरू शकतात, कारण माशांच्या कल्ल्यांतून आणि सडलेल्या खाण्यातून येणारा अमोनिया दिसत नाही. फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे गाळ अडवणं आणि जिवाणूंना घर देणं ही दोन वेगळी कामं आहेत. कुठलाही पर्याय या दोन्हींवर तपासा.

पैशाला सर्वात जास्त मोल देतो तो निळा प्लास्टिकचा ड्रम. साठ ते शंभर लिटरचा, तळ्याच्या काठावर पाण्यापेक्षा उंच ठेवायचा. त्यात पूर्वी औषध किंवा केमिकल भरलेलं नको. तळ्यातला पंप पाणी ड्रमच्या बुडाशी सोडतो, ते भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्यांतून वर चढतं आणि वरच्या तोंडाने परत तळ्यात पडतं. गाळ खाली बसतो, बुडाशी तोटी असली की सोडून द्यायचा. तारेची घासणी किंवा नारळाचा काथ्या वापरू नका. एक गंजते, दुसरा कुजतो. प्लंबरकडून दोन टँक निपल (ड्रमला भोक पाडून पाइप जोडायचे तुकडे) आणा, पण बाहेर पडणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा चांगला जाड घ्या: आत अर्धा इंच, तर बाहेर दीड. आत पंपाचा जोर असतो, बाहेर पाणी नुसत्या उताराने जातं. दोन्ही सारखे ठेवले की ड्रम ओसंडतो आणि तळं अंगणात रिकामं होतं. म्हणूनच पंपही तळाशी न ठेवता विटेवर ठेवायचा, निदान माशांपुरतं पाणी उरतं.

कूलरचा पंप स्वस्त म्हणून मोह होतो, पण हा पंप वर्षभर चोवीस तास चालवायचा आहे, त्यामुळे तळ्यासाठीचाच घ्या. डब्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तीन-चार फूट चढवताना तो बराच घसरतो. सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरलं तरी पुरे. वीस वॅटचा पंप अखंड चालला तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट जातात.

जागा असेल तर मला झाडांचा वाफा जास्त आवडतो. तळ्याच्या क्षेत्रफळाच्या पाव हिश्शाएवढा खोलगट वाफा, त्यात फूटभर खडी, माती अजिबात नाही, आणि कर्दळ, वेखंड, अळू. छिद्रांच्या पाइपने पाणी खडीखालून सोडायचं. खडीवर जिवाणू वसतात आणि त्यांनी केलेलं नायट्रेट झाडं खातात, म्हणजे शेवाळाचं जेवणच कमी होतं. हे काम ड्रमला जमत नाही. मात्र पंपाच्या तोंडाशी स्पंज हवा, नाहीतर गाळाने खडी तुंबते आणि ती उपसणं कंटाळवाणं असतं. जलपर्णीही नायट्रेट शोषते, पण ती ओढ्या-नदीत गेली की काय होतं हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

तयार प्रेशर फिल्टर सुटसुटीत, दिसायला नेटका, किंमत कितीतरी जास्त. बंद डबा असल्याने वीज काही तास गेली की आतला प्राणवायू संपून जिवाणू मरतात. जिथे लोडशेडिंग नेहमीचं, तिथे मी तो घेणार नाही.

त्यासोबत मिळणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा हिरवं पाणी खरंच निवळवतो. पण दगडांना चिकटलेल्या केसाळ शेवाळाला तो पोहोचत नाही आणि अमोनियाचं काहीच करत नाही. अकरा वॅटचा दिवा महिन्याला आठ युनिट खातो आणि वर्षभराने बदलावा लागतो. हा दिवा घेण्याआधी कमळाच्या पानांनी निम्मं पाणी झाकू द्या, खाणं कमी टाका, आणि पावसाळ्यात बागेतलं खतमिश्रित पाणी आत वाहून येऊ नये म्हणून काठ तीन-चार इंच उंच करा.

गप्पी आणि दोन-चार गोल्डफिश असतील तर वाफा पुरतो. गोल्डफिश वाढवायचे असतील तर ड्रम आणि त्यातून वाफा, असं जोडून घ्या. कोई माशाला हे तळंच लहान. तो दोन फुटांपर्यंत वाढतो.

काहीही निवडलं तरी जिवाणू नीट वसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे थोडेच सोडा. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन पिळून काढा. आणि पंपाचं कनेक्शन तीस मिलीअँपियरच्या आरसीसीबीवरून (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरून) घ्या. पाण्यात हात घालण्याआधी तरीही स्विच बंद करा.