निकेल-जस्त पेन्सिल सेल: व्होल्टेज भरपूर, पण जस्ताचे काय?

पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल मागितले की बेळगावच्या बाजारात आजही बहुतेक दुकानदार १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेलच पुढे करतात. निकेल-जस्त सेल हवे असतील तर ते मुद्दाम मागवावे लागतात आणि त्यांच्यासाठी चार्जरही वेगळा घ्यावा लागतो. खडे बाजारातल्या एका दुकानातून मागवलेला चार सेलांचा असा संच खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वापरात आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की या सेलची जाहिरात व्होल्टेजवर होत असली, तरी त्याचे खरे मोल आतले जस्त किती काळ धड राहते यावर ठरते. आणि नेमके त्याविषयी पाकिटावर अवाक्षरही छापलेले नसते.

व्होल्टेजचा दावा मात्र खरा आहे. चार्जरमधून काढलेल्या सेलला मल्टिमीटर लावला तर काटा १.८ व्होल्टच्या आसपास जातो आणि वापरात बराच वेळ १.६ च्या जवळ टिकून राहतो. स्नेहसंमेलनाच्या बिनतारी माइकमध्ये याचा फायदा लगेच कळतो. साधे चार्जिंगचे दोन सेल मिळून २.४ व्होल्ट देतात, त्यामुळे सेलमध्ये पुष्कळ शिल्लक असतानाही माइकचा लाल दिवा लागतो. निकेल-जस्त सेल घातल्यावर ती कटकट राहिली नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना फ्लॅश लवकर भरून हवा असतो, त्यांनाही हे सेल सोयीचे आहेत. मात्र चार सेलांच्या उपकरणात ६ व्होल्टच्या जागी सुरुवातीला ७.२ व्होल्ट जातात, म्हणून रक्तदाब मोजायच्या यंत्रात मी ते घालणार नाही.

पाकिटावरचा आकडा जरा जपून वाचावा. “सर, ह्याला २५०० आहे बघा, त्याला २०००च,” असे दुकानदाराने सांगितले, ते खोटे नव्हते. पण २५०० हे मिलिवॅट-तास, म्हणजे ऊर्जेचे माप आहे आणि २००० हे मिलिअँपिअर-तास, म्हणजे विद्युतभाराचे; त्याला व्होल्टेजने गुणले की ऊर्जा मिळते. दोन हजारांना १.२ ने गुणले की २४०० मिलिवॅट-तास होतात, म्हणजे साठवलेली ऊर्जा जवळपास सारखीच.

आता जस्ताकडे वळू. स्वस्त, मुबलक, पाण्यावर आधारलेल्या द्रावणात चालणारा आणि एका ग्रॅममागे सुमारे ८२० मिलिअँपिअर-तास देऊ शकणारा हा धातू ऋण टोकासाठी आदर्श वाटतो. पण जस्त आणि पाणी यांचे मुळात फारसे पटत नाही: जस्त हळूहळू गंजते, हायड्रोजन सुटतो आणि बंद सेलमध्ये दाब वाढतो. त्याहून मोठी अडचण चार्ज करताना येते. सेल वापरताना जस्त पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळते. चार्ज करताना ते परत धातू होते खरे, पण जिथून गेले तिथेच बसेल याची खात्री नसते. जिथे जरासा उंचवटा असेल तिथे प्रवाह एकवटतो, तिथे आणखी जस्त जमते आणि वाढत वाढत त्याचे टोकदार काटे होतात. असा एखादा काटा मधला पातळ पडदा भेदून पलीकडे पोहोचला की सेल आतल्या आत शॉर्ट होतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर सेल फोडायची गरज नाही, आणि आतले द्रावण दाहक असल्यामुळे तो फोडूही नये. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या बुडवून प्रवाह सोडला की पुरे. प्रवाह कमी ठेवला तर ऋण पट्टीवर करडा, बऱ्यापैकी सपाट थर बसतो. तो वाढवला की पट्टीच्या कडांवर शेवाळासारखी झुपकेदार वाढ दिसू लागते, आणि भिंगातून पाहिले तर तिला फांद्या फुटलेल्या असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांचा झिंक प्लेटिंगशी, म्हणजे धातूवर जस्ताचा थर चढवण्याशी, संबंध येतो त्यांना हे नवे नाही. थर गुळगुळीत यावा म्हणून प्लेटिंगच्या टाकीत जी मिश्रणे घालतात, त्याच धर्तीवर बॅटरीच्या द्रावणातही मिश्रके घालून जस्ताला शिस्त लावण्याचे प्रयत्न चालतात. याशिवाय द्रावण आधीच झिंक ऑक्साइडने संपृक्त ठेवणे, विरघळलेले जस्त जागीच धरून ठेवण्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिसळणे, वायू कमी सुटावा म्हणून बिस्मथ किंवा इंडियमचा अंश घालणे, असेही उपाय आहेत. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१७ मध्ये सच्छिद्र, स्पंजसारख्या जस्ताचा इलेक्ट्रोड वापरून निकेल-जस्त सेलचे आयुष्य वाढवता येते हे दाखवले. आपण विकत घेतलेल्या सेलमध्ये यांपैकी काय केले आहे, हे मात्र ग्राहकाला कळायला मार्ग नाही. निकेल आणि जस्ताची ही जोडी तशी नवी नव्हे. आयर्लंडमध्ये जेम्स ड्रम यांच्या निकेल-जस्त बॅटरीवर १९३२ ते १९४९ या काळात डब्लिन ते ब्रे आगगाड्या धावत होत्या.

आमच्या संचातला एक सेल लवकर गेला. तो साध्या टॉर्चमध्ये होता, आणि टॉर्च प्रकाश मंद झाल्यावरही तसाच चालू राहिला. या सेलचे व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून एकदम खाली येते, त्यामुळे आधी इशारा मिळत नाही; प्रकाश मंद दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एकापुढे एक लावलेल्या सेलांपैकी जो दुबळा असेल तो पूर्ण रिकामा होऊन उलटा चार्ज होऊ लागतो आणि त्यातून सहसा सावरत नाही. त्यानंतर हा सेल चार्जरने घेतलाच नाही. दुकानदाराने तो बदलून द्यायला नकार दिला, सुटा विकायलाही नाही म्हटले आणि पूर्ण संचच घ्या असा आग्रह धरला. पाकिटावर शेकडो वेळा चार्ज करता येईल असे छापणाऱ्या उत्पादकाने निदान बारा महिन्यांची हमी तरी द्यायला हवी होती.

तरीही माइक आणि फ्लॅशसाठी हे सेल मी घ्यायला सांगेन. भिंतीवरच्या घड्याळासाठी आणि रिमोटसाठी नाही, कारण ते नुसते पडून राहिले तरी उतरतात. टॉर्चसाठी तर मुळीच नाही. घेताना सोबतचा चार्जर १.९ व्होल्टला थांबणारा आणि प्रत्येक सेल वेगळा पाहणारा आहे ना, हे पाहून घ्यावे. जुन्या निकेल-मेटल हायड्राइड चार्जरमध्ये हे सेल घालू नयेत, आणि चार्जर महाग वाटतो म्हणून नुसते सेल घेण्यातही अर्थ नाही.