कटानेकची सांपदोरिया जर्सी शहापुरात छापून घेतली, त्याचा रिव्ह्यू

पहिलंच सांगून टाकतो, जर्सी झकास झालीय, पैसे वसूल आहेत, दुकानवाले मामा माणूस म्हणून पण एक नंबर, पण घाई असेल तर तिकडं जाऊ नका आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात तर त्या जिन्याची पायरीसुद्धा चढू नका. बाकी सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल, कारण सांपदोरिया हा इटलीतला क्लब, कटानेक हा त्यांचा जुना स्लोव्हेनियन प्लेयर, आणि त्याचीच जर्सी का हे सांगितल्याशिवाय ह्या रिव्ह्यूत काही दम नाही.

दुकान आपल्या बेळगावच्या शहापुरात, खाली साड्यांचं शोरूम आणि वर पहिल्या मजल्यावर हे. बोर्डावर कानडी मोठं, मराठी बारीक, ते आता काय नवीन नाही. आत शिरलं की एका बाजूला कॉम्प्युटर, मधे तो लांबलचक प्रिंटर, पलीकडं हीट प्रेस आणि खिडकीजवळ शिलाई मशिनी. भिंतीवर मंडळांचे टी-शर्ट, कबड्डीवाल्यांच्या जर्स्या, टेनिस बॉल टूर्नामेंटच्या, शाळांचे हाऊसवाले लाल पिवळे हिरवे निळे. फुटबॉलमध्ये मेस्सी, रोनाल्डो आणि कोल्हापूरच्या तालमींचे रंग, शिवाय आपल्या कॅम्पातल्या पोरांच्या टीमचे. ह्या सगळ्यात मी जाऊन म्हटलं, सांपदोरिया, १९९०-९१, कटानेक.

मामा चष्म्यावरनं बघायला लागले. "कोण रे हा?"

"ह्यानं आपल्या इंडियाला दोनदा धुतलंय मामा."

"मग त्याची जर्सी कशाला घालतोस?"

प्रश्न बरोबर होता, तिथनं जे बोलणं सुरू झालं ते चहा येऊन गेला तरी संपेना. २०११ च्या जुलैत वर्ल्ड कप क्वालिफायर होती, समोर युएई, त्यांचा कोच हा स्रेच्को कटानेक. अल ऐनला पहिल्या हाफमध्येच आपल्या दोघांना लाल कार्ड, त्यात गोलकीपर सुब्रत पाल पण, ३-० नं गेलो. आपला कोच तेव्हा गोव्याचा आर्मांदो कोलासो, म्हणजे चोर्ला घाट उतरलं की आपलाच माणूस, त्यामुळं इथं बऱ्याच जणांनी ती मॅच जीव लावून बघितली होती. दिल्लीत २-२ केलं पण काय उपयोग, ५-२ नं बाहेर. मग जानेवारी २०२४, कतारमध्ये एशियन कप, परत तोच माणूस, ह्या वेळी उझबेकिस्तानच्या बाकावर, आणि हाफटाइमलाच ३-०. फैझुल्लायेवनं चौथ्या मिनिटाला पहिला मारला, मी अजून सोफ्यावर नीट टेकलो पण नव्हतो. दुसऱ्या हाफमध्ये आपण बरं खेळलो असं लोक म्हणतात, खेळलो असू, पण उझबेकांना तोवर गरजच कुठं राहिली होती.

तर खुन्नस म्हणून ह्या माणसाबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता आवडायलाच लागला की वो. मामांना हे पटलं. म्हणाले कुठल्या टीमची करायची ते ठरव, कपडा मी बघतो.

आता हे ठरवणं सोपं नाही कारण गडी खेळलाय किती ठिकाणी. जन्म ल्युब्लियानाचा, १९६३ चा. ऑलिंपियातनं सुरुवात, मग डिनामो झाग्रेब, मग बेलग्रेडचं पार्टिझान, म्हणजे युगोस्लाव्हियात तिन्ही बाजूंनी फिरून आला. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ. १९८८ ला जर्मनीत श्टुटगार्टला गेला, त्याच सीझनला टीम युएफा कपच्या फायनलला पोचली आणि मॅराडोनाच्या नेपोलीकडून हरली. पुढं १९९० ला वर्ल्ड कपला युगोस्लाव्हिया क्वार्टर फायनलला, परत समोर मॅराडोना, पेनल्टीवर बाहेर. ह्याला म्हणतात साडेसाती.

पण मधल्या काळात तो सांपदोरियात गेला होता आणि तिथं साडेसाती उतरली. जिनोआ शहरातली टीम, कोच बोश्कोव्ह, पुढं व्हियाली आणि मान्चिनी, मागं व्हिएर्खोवोद, गोलमध्ये पालियुका. १९९० ला युरोपातला कप विनर्स कप घेतला आणि १९ मे १९९१ ला लेचेला ३-० हरवून इटालियन लीग. त्या क्लबच्या इतिहासात ती एकच लीग आहे, आधी नाही, नंतर नाही. आणि ते पण कधी, तर मिलानमध्ये डचांचं त्रिकूट आणि नेपोलीत मॅराडोना असलेल्या काळात. कटानेक त्यात चमकणारा नव्हता, मधल्या फळीत किंवा डाव्या बाजूला राबणारा उंच गडी, दुसऱ्यांना मोकळं ठेवणारा. पुढच्या वर्षी वेम्बलीला युरोपियन कपची फायनल पण खेळला, ११२ व्या मिनिटाला कूमाननं फ्री किक मारली आणि बार्सिलोना जिंकलं. पण त्या दिवशी सांपदोरिया पांढऱ्यात खेळली होती, म्हणून मी निळीच घेतली. हरलेल्या मॅचची कशाला घालायची.

अजून एक गंमत आहे, गंमत म्हणायचं की काय माहीत नाही. मे महिन्यात हा इटलीत चॅम्पियन झाला आणि जून संपायच्या आत स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. दहा दिवस लढाई चालली आणि विषय संपला. आमच्याकडं सीमाप्रश्नाच्या १९५६ पासनं तारखांवर तारखा चालल्यात. असो, रिव्ह्यू जर्सीचा आहे.

कपड्याचं सांगतो. तीन प्रकार दाखवले, मी डॉट निट घेतलं, जाळीवालं स्वस्त होतं पण पोटावर चांगलं दिसत नाही, वय झालं. सगळं पॉलिस्टरच, कारण सब्लिमेशनची शाई कॉटनवर धरत नाही. प्रिंटर आधी कागदावर उलटं छापतो, मग तो कागद कापडावर ठेवून साधारण २०० डिग्रीला दाबतात, शाईची वाफ होऊन धाग्यात शिरते. त्यामुळं छपाईवर हात फिरवला तर काहीच लागत नाही, सोलायचा प्रश्नच नाही. मला जी गोष्ट माहीत नव्हती ती म्हणजे ह्यात पांढरी शाई नसतेच. सांपदोरियाच्या छातीवर जो पट्टा आहे ना, वरनं पांढरा, लाल, काळा, परत पांढरा, त्यातला पांढरा म्हणजे नुसतं कापड, भोवतीनं निळं छापायचं आणि तेवढं सोडून द्यायचं. म्हणून जर्सी आतनं पांढरीफटक आहे, बाही दुमडली की लगेच दिसतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी रंगीत कापडावर शिवून घ्यावी, तिप्पट खर्च येईल.

कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा कानडी, मराठी छान बोलतो, 'कोरल ड्रॉ' ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय. पहिल्या डिझाइनमध्ये काळा वर आणि लाल खाली केला होता, स्क्रीनवरच दाखवलं, दोन मिनिटांत बदललं, तोंड वाकडं केलं नाही. मधली सेंट जॉर्जच्या क्रॉसची ढाल त्यानं फोटोवरनं परत काढली, झूम करून रेषा न रेष. कंपनीचा लोगो मात्र मारत नाही म्हणाले, आधीच कुणाशी तरी कटकट झालेली दिसतेय. मला पण नकोच होता.

पाठीवर नाव घालायचं का ह्यावर वाद झाला. तेव्हा इटलीत पाठीवर नावं नसायचीच, नुसता आकडा, आणि तो पण ज्या दिवशी जो मिळेल तो, नावं आली १९९५ पासनं. म्हणजे खरी तशीच पाहिजे असेल तर नाव नको. पण नाव नसेल तर बेळगावात कोण ओळखणार, मेसेज काय जाणार? शेवटी नाव घातलंच आणि ते देवनागरीत. आधी पूर्ण नाव टाकून बघितलं तर फॉन्टनं 'स्रेच्को' मधल्या 'च्' ची शकलं करून टाकली, पाय मोडकं अक्षर एकीकडं आणि 'को' दुसरीकडं, तर ते काढून फक्त 'कटानेक' ठेवलं. खांद्यापासून खांद्यापर्यंत बरोबर बसलं. रविवारी लेले ग्राउंडवर घालून गेलो तर एकानं विचारलं हे कुठल्या गल्लीचं मंडळ. झालं, पैसे तिथंच वसूल.

शिलाईबद्दल तक्रार आहे थोडी. पट्टा पुढनं मागं गोल फिरतो, दोन्ही कुशीला पुढचा आणि मागचा जुळला पाहिजे. डावीकडं असा जुळलाय की जोड शोधावा लागतो, उजवीकडं सुताएवढा खाली उतरलाय. मामांचं म्हणणं, प्रेसखाली कापड आकसतं, पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा सारखाच आकसेल असं नाही. मान्य, पण मग एका कुशीला कसं जमलं? साइज पण त्यांचा लहान येतो, एल घालणाऱ्यांनी एक्सएल सांगा. आणि तारखा, बापरे, सोमवारी म्हटलं की गुरुवार धरायचा आणि गुरुवारी गेलं की "आत्ता प्रेसला लागलीय" ऐकायचं. मधेच कुठल्यातरी मंडळाचे शंभर टी-शर्ट आले की तुमची एक जर्सी गेली तळाला. फोन उचलत नाहीत, जाऊनच बसावं लागतंय.

बसून राहिल्याचा फायदा एवढाच की गप्पा होतात. मामा विचारायचे पुढं काय झालं तुझ्या त्या माणसाचं आणि मी कोचिंगचं सांगत बसायचो. १९९४ ला खेळणं थांबवलं, १९९८ ला स्लोव्हेनियाचा कोच, पस्तिशीत. सगळा देश वीस लाखांचा, आणि युरो २००० ला नेऊन बसवला, प्लेऑफला शेवचेन्कोच्या युक्रेनला हरवून. तिथली पहिलीच मॅच कुणाशी, तर युगोस्लाव्हियाशी, ज्यांच्यासाठी हा स्वतः ३१ मॅच खेळलाय. शार्लरोआत ३-० नं पुढं होते, समोरच्या मिहायलोविचला लाल कार्ड, आणि मग सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले, ३-३. हे ऐकून शिलाईवाल्या काकू मशीन थांबवून "अगंबाई" म्हणाल्या, त्यांना फुटबॉलचा ओ की ठो माहीत नाही.

२००२ ला वर्ल्ड कपला पण नेलं, क्वालिफायरमध्ये एक पण मॅच न हरता. आणि तिथं सगळं नासलं. स्पेनविरुद्ध स्टार प्लेयर झाहोविचला मधेच बाहेर काढलं, तो ड्रेसिंग रूममध्ये वाट्टेल ते बोलला, ह्यानं त्याला घरी पाठवलं आणि पत्रकारांसमोर रडत सांगितलं की स्पर्धा संपली की मी जाणार. तिन्ही मॅच हरले. मामा म्हणाले पोरगं माजलेलं असेल. मला तसं एकतर्फी वाटत नाही, झाहोविचनंच तर दोन वर्षांपूर्वी युगोस्लाव्हियाला दोन गोल मारले होते, टीमचं निम्मं बळ तोच. माझं मत असं की कटानेकला मोठ्या नावांशी जमवून घेता आलं नाही, पण ज्या टीममध्ये मोठं नावच नाही ती टीम त्याच्या हातात दिली की सोनं. मॅसेडोनिया घेऊन २००६ ला ओल्ड ट्रॅफर्डला इंग्लंडशी ०-० करून आला, रूनी-जेरार्ड असलेल्या काळात. मग युएई, परत स्लोव्हेनिया, मग इराक, आणि शेवटी उझबेकिस्तान. एशियन कपला क्वार्टर फायनलला कतारकडून पेनल्टीवर गेले.

आणि नशीब बघा, उझबेकिस्तान वर्ल्ड कपच्या दारात असताना जानेवारी २०२५ ला तब्येतीमुळं सोडावं लागलं. पुढं तैमूर कापाद्झेनं काम पूर्ण केलं, जूनमध्ये अबू धाबीला ०-० करून पहिल्यांदाच वर्ल्ड कपचं तिकीट, आणि ती मॅच पण युएईशीच. पेपरात कापाद्झेचे फोटो. बरोबरच आहे, पण त्याआधीची तीन वर्षं पाया कुणी घातला हे कुणी लिहिलंय असं मला तरी दिसलं नाही. मला ह्या माणसाची जर्सी का पाहिजे होती ते एवढंच.

धुण्याचं सांगायचं राहिलं. बरेचदा मशिनला टाकलीय, रंग जसाच्या तसा, लाल पांढऱ्यात उतरला नाही. बुडबुडे नाहीत, गोळे नाहीत. फक्त इस्त्री करू नका, पॉलिस्टर चमकायला लागतं, एका खांद्यावर जरा चमक आलीय घरच्यांच्या कृपेनं. गळ्याची रिब थोडी सैल झालीय, ती मामांनी फुकट बदलून देतो म्हटलंय, कधी ते विचारू नका.

खर्च साडेसहाशे, एका जर्सीला. टीमसाठी पंधरावीस करणार असाल तर भाव निम्म्याच्या आसपास येतोय. ॲडव्हान्स घेतात, फोनवरनं पैसे चालतात, पावती मागितली तर देतात, न मागता देत नाहीत. पार्किंग नाही, गाडी बँक ऑफ इंडियाच्या बाजूला लावून चालत या. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते.

पुढची ऑर्डर दिलीय, युरो २००० ची स्लोव्हेनियाची पांढरी-हिरवी. पांढरं जास्त म्हणजे शाई कमी, तर मामा पन्नास रुपये कमी करतो म्हणालेत, बघू. कॉम्प्युटरवाल्या पोरग्याला पुढनं आणि मागनं दोन्ही बाजूंचा मोठा फोटो पाहिजे, नेटवरचे सगळे धुरकट आहेत. कुणाकडं असला तर पाठवा, गुरुवारच्या आत.