हायड्रोजन बाहेर सोडायचा की कॅटॅलिस्टवर जिरवायचा?

कोथरूडच्या एका पोराने विचारलंय, घरी इलेक्ट्रोलिसिस सेल (विजेने पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करणारा) चालवतोय, निघणाऱ्या हायड्रोजनचं काय करू, पाईपने बाहेर सोडू की प्लॅटिनम-पॅलेडियमच्या रिकॉम्बायनरने (हायड्रोजन-ऑक्सिजन पुन्हा जोडणारा कॅटॅलिस्ट) परत पाणी करू.

आधी आकडा बघ. १० अँपिअरला एका सेलमधून मिनिटाला साधारण ७५ मिली हायड्रोजन निघतो, थोडा वाटतो पण बंद खोलीत छताखाली साठत जातो आणि हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत तो पेटू शकतो, ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते.

खर्चात पाईपच जिंकतो. सतत वर चढत जाणारा, तोंड उघड्यावर, खिडकी आणि एसीपासून लांब. देखभाल म्हणजे पुण्याच्या पावसात टोपी लावायची आणि आत पाणी साचून तुंबलाय का बघायचं, कारण तुंबला तर प्रेशर थेट सेलवर येतं. आणि प्लीज, तपकीर गल्लीतला (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) साधा फॅन त्या लाईनमध्ये बसवू नकोस, मोटर ठिणगी टाकते!

रिकॉम्बायनर महाग, त्याला ऑक्सिजन लागतो, चालताना तापतो, ओला झाला किंवा सल्फर, सिलिकॉनची वाफ लागली की मंदावतो आणि बाहेरून काही कळत नाही. गॅस जास्त झाला तर तोच तापून आग लावू शकतो, मला हे सगळ्यात भीतीदायक वाटतं.

सीलबंद बॅटरीत किंवा मोजून थोडाच गॅस येतो तिथे रिकॉम्बायनर ठीक. गच्ची, बाल्कनी असेल, सेल रोज बदलत असशील तर पाईपच, सोबत छताजवळ १ टक्क्याला वाजणारा डिटेक्टर. पाईप, रिकॉम्बायनर दोन्ही जमत नसेल तर घरी चालवूच नकोस, कॉलेजच्या लॅबमध्ये कर.