भुगा गेला कुठं? वॉरंटीत बदललेल्या शॉर्ट ब्लॉकचा आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात नवा शॉर्ट ब्लॉक (इंजिनाचा हेडखालचा भाग) बसवून गाडी हातात आली. आज आठ महिने झाले आणि ९,२०० किलोमीटर पडले. नुसती दुरुस्ती करून घ्यावी की कारखान्यातून बांधून आलेला ब्लॉकच मागावा, या पेचात कुणी अडकलं असेल तर माझा हिशेब त्यांच्या कामी यावा म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी दोन दारांची स्पोर्ट्स कार, दोन लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं कुठल्याही गाडीला होऊ शकतं. गेल्या पावसाळ्यात गोव्याहून चोर्ला घाट चढताना आरशात निळसर धूर दिसला. त्याआधी महिनाभर सकाळी थंड इंजिन टक-टक वाजायचं आणि गरम झालं की गप्प व्हायचं. दर १,५०० किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागत होतं. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर आलं, "मर्यादेत आहे." धुराचा व्हिडिओ दाखवल्यावर कुठे गाडी आत घेतली.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. बाकीचे तीन सिलिंडर बारा बारच्या आसपास आणि तिसऱ्या नंबरचा साडेआठ बार. कॅमेरा आत घातला तर तिसऱ्याच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले. कारण इंजेक्टर. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, आणि तिसऱ्याचा इंजेक्टर बंद असतानाही ठिबकत होता. त्या पेट्रोलनं भिंतीवरचं ऑइल धुऊन नेलं आणि पिस्टन कोरडा घासला. वॉरंटीचे तेव्हा १४ महिने बाकी होते. कंपनीनं दुरुस्ती देऊ केली: नवा इंजेक्टर, तिसरा पिस्टन, रिंगा, भिंतीला हलकं होनिंग (बारीक घासणी) आणि हेड गॅसकेट.

आमचं बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे सिलिंडर कातून-घासून देण्याचं, शॉप आहे. घरी सांगितल्यावर आप्पांनी एकच प्रश्न केला, "बोअर घासला ते कळलं रे बाळ. घासून निघाला तो भुगा गेला कुठं, ते इचार की पैलं."

पुढचा सगळा निर्णय या एका प्रश्नावर झाला. पिस्टन आणि भिंत घासून निघालेला धातू ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. मोठे कण फिल्टर धरतो, पण थंडीत ऑइल घट्ट असताना फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडला की काही कण न गाळलेलेच पुढं जातात. पुढं क्रँकची बेअरिंगं आहेत, टर्बोचा शाफ्ट आहे, ऑइल कूलर आहे. एक पिस्टन बदलून बाकी तसंच ठेवलं, तर आजचा धूर जाईल आणि वर्षभरानं बेअरिंग वाजायला लागेल. तोवर वॉरंटी संपलेली असणार.

म्हणून दुरुस्तीच्या कागदावर सही न करता मी लेखी दोन गोष्टी मागितल्या. फिल्टर माझ्यासमोर कापायचा, आणि ऑइल पॅन उतरवून बेअरिंगचे दोन शेल (अर्धगोल पत्रे), एक रॉडच्या मोठ्या टोकाचा व एक क्रँकच्या मेन बेअरिंगचा, काढून दाखवायचे. दोन आठवडे टोलवाटोलवी झाली, मग होकार आला. गाडी पुण्यात होती. साडेतीनशे किलोमीटर बसनं गेलो, खिशात शॉपमधलं लोहचुंबक घेऊन. फिल्टरचा कागद टेबलावर उलगडला तेव्हा घडीघडीत चमक होती, चांदीच्या वर्खासारखी. चुंबक फिरवलं तर काहीच चिकटलं नाही. म्हणजे लोखंड नव्हे, ॲल्युमिनियम, पिस्टनचं. शेलवर नख फिरवलं तर रेघा लागत होत्या, आणि दोन ठिकाणी मऊ थरात बारीक कण रुतून बसले होते. त्याचे फोटो आणि मापं क्लेमला जोडली. तीन आठवड्यांनी कंपनीनं दुरुस्ती रद्द करून शॉर्ट ब्लॉक मंजूर केला. ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन कारखान्यातच बसवून येतात, हेड आपलं जुनंच.

मधला एक मार्ग होता: सर्व्हिस सेंटरमध्येच इंजिन पूर्ण उघडून नवे पिस्टन, नवी बेअरिंगं. तो मी नाकारला. ट्रॅक्टरचं ओतीव लोखंडाचं इंजिन असतं तर मीच म्हटलं असतं, आणा इकडं, वीस-तीस ओव्हरसाइज (इंचाचे तितके हजारांश मोठा) बोअर करून देतो. पण या ब्लॉकला लायनर (सिलिंडरच्या आतली वेगळी नळी) नाही. ॲल्युमिनियमवर फवारलेला पातळ थर आहे, मिलिमीटरच्या काही दशांशाइतका. तो एकदा खरवडला की साध्या होनिंगनं परत येत नाही. आणि तेच काम आमच्या शॉपमध्ये करावं म्हटलं, तर सिलबंद इंजिनाला आमचा पाना लागताच वॉरंटी तिथंच संपली असती. आपल्या हातात कसब असताना गप्प बसणं मला जड गेलं, खरं सांगतो. पण उद्या पुन्हा काही झालं तर उत्तर कोण देणार, याला माझ्या लेखी जास्त वजन होतं.

ऑइल कूलर बदलून मिळाला. टर्बो मात्र दिला नाही, शाफ्टचा खेळ (हलण्याची मोकळीक) मापात आहे म्हणाले. हे मला आजही पटलेलं नाही.

आता वापराबद्दल. पहिले १,५०० किलोमीटर मी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला नाही, आणि हायवेवर एकाच वेगात लांब पल्लाही धरला नाही. बेळगाव-खानापूर, बेळगाव-संकेश्वर असा चढउताराचा रस्ता घेतला, म्हणजे रिंगा नीट बसतात. १,००० किलोमीटरला स्वतःच्या पैशानं ऑइल आणि फिल्टर बदलले. तो फिल्टरही कापला, अगदी थोडी चमक होती. ६,००० ला दुसरा कापला तो स्वच्छ निघाला. सुरुवातीला हजार किलोमीटरला ३०० मिली ऑइल गेलं, त्यानंतर आजवर सगळं मिळून २०० मिलीसुद्धा नाही. निपाणीजवळचा तवंदी घाट तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकदीनं चढवला, मागं धूर नाही. सकाळची टक-टक गेली.

कुरकुरी आहेत. इंजिन उतरवून चढवताना वायरिंगच्या दोन क्लिपा मोडल्या, त्या मीच बदलल्या. एक हीट शील्ड २,००० आरपीएमला खणखणायची. कूलंटच्या एका पाइपाचा क्लॅम्प झिरपत होता, तो पहिल्या महिन्यातच पकडला. हे लोक ब्लॉक नीट बसवतात, पण आजूबाजूच्या बारीक कामाकडं लक्ष देत नाहीत. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून बॅटरी मारून बघा.

कागदपत्रांचं आधीच धरा. नव्या ब्लॉकबरोबर इंजिन नंबर बदलतो, तेव्हा आरसीत नोंद आणि विमा कंपनीला पत्र, दोन्ही लागतं. सर्व्हिस सेंटरकडून बिल आणि नंबराचं पत्र घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. मी पत्र विसरलो, तर इथल्या आरटीओत दोन हेलपाटे पडले. नव्या भागाला वेगळी वॉरंटी मिळेल असंही धरू नका. मला मूळ वॉरंटीचे उरलेले महिनेच मिळाले. ऑइलचं प्रत्येक बिल जपून ठेवलं होतं आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कधी हात लावला नव्हता, म्हणून क्लेम टिकला.

प्रत्येक वेळी ब्लॉकच मागावा असं माझं म्हणणं नाही. चेन टेन्शनर, गळका सील, किंवा भिंत घासण्याआधी सापडलेला इंजेक्टर असेल तर दुरुस्तीच घ्या आणि खालचं इंजिन कुणाला उघडू देऊ नका. कारखान्यातली बांधणी मोडायला तसंच कारण हवं.

वॉरंटी नोव्हेंबरात संपते. ऑक्टोबरात चारही सिलिंडरमध्ये पुन्हा कॅमेरा घालून घेणार आहे, आणि टर्बोचा खेळ माझ्यासमोर डायल गेज लावून मोजायला सांगणार आहे. तारीख घेऊन ठेवली आहे. आप्पा म्हणालेत, या खेपेला तेही येणार.