लीड टाइमचा अंदाज कशावर बांधायचा: एक्सेल शीट, क्यूइंग मॉडेल की सिम्युलेशन?

एका शॉपमध्ये तीस-चाळीस प्रकारचे पार्ट चालत असतील, तर ग्राहकाला तारीख देताना, म्हणजे लीड टाइम (ऑर्डरपासून माल हातात येईपर्यंतचा वेळ) सांगताना, तीनपैकी एक आधार घ्यावा लागतो: कपॅसिटीची एक्सेल शीट, क्यूइंग मॉडेल म्हणजे रांगांचं गणित, किंवा सिम्युलेशन म्हणजे संगणकावर शॉप चालवून पाहणं. भोसरी, चाकण, शिरोलीकडची मध्यम आकाराची मशीन शॉप्स डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. लॉट (एका सेटअपमध्ये एकदम काढायचे नग) किती ठेवायचा, कुठलं मशीन वाढवायचं, किती दिवसांची तारीख द्यायची, असे प्रश्न असतील तर पहिल्यांदा क्यूइंग मॉडेल करा. एक्सेल शीट त्याला पुरत नाही, आणि सिम्युलेशन बहुतेक ठिकाणी गरजेच्या आधीच हाती घेतलं जातं.

एक्सेल शीट करते काय? मागणी गुणिले सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), त्यात सेटअप (पार्ट बदलताना मशीन तयार करायचा वेळ) मिळवायचा आणि उपलब्ध तासांनी भागायचं. लोड शंभरच्या आत आला की 'बसतंय'. कुठल्या मशीनवर बसतच नाही, एवढं ती नक्की दाखवते आणि ते कामाचंच आहे. पण अशा अनेक प्रकारची कामं घेणाऱ्या शॉपमध्ये पार्टचा बराचसा वेळ मशीनवर जात नाही, मशीनसमोर ताटकळण्यात जातो. आणि त्या वेळेला शीटमध्ये रकानाच नसतो.

एक हिशोब मांडून दाखवतो. एका व्हीएमसीवर (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) पाच पार्ट चालतात. प्रत्येकाचा सायकल टाइम १२ मिनिटं, पार्ट बदलताना सेटअप ६० मिनिटं, दोन शिफ्ट मिळून कामाचे १५ तास आणि सगळे मिळून दिवसाला ५० नग हवेत. पूर्ण लॉट झाल्याशिवाय माल पुढे जात नाही. शीटला विचारलं तर ती मोठा लॉट सुचवणार, कारण १०० च्या लॉटला लोड ७० टक्के, २५ ला ८० आणि १५ ला ८९ येतो.

आता किंगमन यांचं १९६१ चं सूत्र लावू. थांबण्याचा सरासरी वेळ म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: चढउताराचा गुणक, लोडचा गुणक (लोड भागिले शिल्लक क्षमता) आणि एका लॉटला लागणारा वेळ. चढउताराचा गुणक (येणाऱ्या मालाचा आणि कामाच्या वेळांचा चढउतार, यांची सरासरी) १ धरला, तर थांबणं आणि मशीनिंग मिळून एका लॉटला लागणारा वेळ असा येतो:

लॉट १०: लोड पूर्ण १०० टक्के, रांग वाढतच जाते
लॉट १५: ३६ तास
लॉट २०: ३० तास
लॉट २५: ३० तास
लॉट ५०: ४१ तास
लॉट १००: ७० तास

शीटने सुचवलेला १०० चा लॉट २५ च्या दुपटीहून जास्त वेळ घेतो. लॉट फार लहान केला तर सेटअप क्षमता खातो, फार मोठा केला तर प्रत्येकाला पुढच्याचा अख्खा लॉट संपेपर्यंत थांबावं लागतं. आणखी एक गोष्ट इथे उघड दिसते. सेटअप ६० वरून ३० मिनिटांवर आणला आणि लॉट १० चा केला, तर लोड ८३ टक्केच राहतो आणि वेळ येतो १५ तास. सेटअप कमी करणाऱ्या फिक्स्चरवर (पार्ट पकडायच्या साधनावर) खर्च करायचा की नवीन मशीन घ्यायचं, यावर मीटिंगमध्ये वाद चालू असतो तेव्हा हे गणित दहा मिनिटांत टेबलावर ठेवता येतं.

अनेक पार्ट असले की खरा प्रश्न चढउताराचा होतो. निम्म्या लॉटना २ तास आणि निम्म्यांना १० तास लागत असतील, तर प्रत्येक नग अगदी घड्याळाप्रमाणे निघत असला तरी नुसत्या सरमिसळीतून ०.४४ इतका चढउतार तयार होतो (प्रमाण विचलन भागिले सरासरी, त्याचा वर्ग). सायकल टाइम 'पक्का' आहे म्हणून चढउतार शून्य धरणारे नेमकं हेच विसरतात. ब्रेकडाउनचंही तसंच आहे. मशीन महिन्यातून एकदा तीन दिवस बंद पडणं आणि तेवढेच तास रोज थोडं थोडं बंद पडणं यात उपलब्धता सारखीच दिसते, पण रांग पहिल्या प्रकारात कितीतरी जास्त लागते.

एका मशीनवरून अख्ख्या शॉपकडे जायला वॉर्ड व्हिट यांनी बेल लॅब्जमध्ये बसवलेली, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आहे. प्रत्येक मशीन वेगळं काढायचं, येणाऱ्या मालाची सरासरी आणि चढउतार हे दोनच आकडे धरायचे आणि बाहेर पडणाऱ्या मालाचा चढउतार पुढच्या मशीनला द्यायचा. मशीन भरगच्च असेल तर बाहेर त्याचा स्वतःचा चढउतार जातो, रिकामं असेल तर आलेलाच पुढे सरकतो. यात एक मेख आहे. मशीनवरून सुटलेला माल पुढे कुठे जाणार हे मूळ पद्धत संभाव्यतेवर सोडते. आपल्याकडे मात्र प्रत्येक पार्टचा रूट ठरलेला असतो आणि एका पार्टच्या दोन लॉटमध्ये दुसऱ्यांचे लॉट घुसतात. बित्रान आणि तिरुपती यांनी १९८८ मध्ये हा 'हस्तक्षेप' धरून दुरुस्ती सुचवली. अनेक उत्पादनांच्या शॉपसाठी मी तीच वापरायला सांगेन.

जॅक्सन यांचं १९५७ चं रांगांचं नेटवर्क मॉडेल सोपं आणि सुंदर आहे, पण त्यात कामाचे वेळ घातांकी वितरणाचे, म्हणजे बहुतेक लहान पण अधूनमधून फार लांब, असे धरलेले असतात. मशीनिंगचे वेळ त्याहून बरेच स्थिर असतात, त्यामुळे थांबणं फुगवून येतं. शिकायला घ्या, तारीख द्यायला नको.

सिम्युलेशन कधी? दोन मशीनला एकच ऑपरेटर असेल, दोन मशीनच्या मध्ये माल ठेवायला जागा नसल्याने मागचं मशीन अडत असेल, हीट ट्रीटमेंटची भट्टी भरेपर्यंत थांबत असेल, रोज अर्जंट जॉब मध्ये घुसवले जात असतील किंवा नवा पार्ट सुरू होतानाचे पहिले दोन महिने पाहायचे असतील, तर खुशाल करा. क्यूइंग मॉडेल स्थिरावलेल्या शॉपची सरासरी सांगतं; यातलं बरंचसं त्याच्या आवाक्यात नाही. पण सिम्युलेशनला आठवडे लागतात. लोड ९० च्या वर गेला की एकेका रनचं उत्तर इतकं हलतं की खूप लांब आणि अनेक रन घ्यावे लागतात. एकच रन दाखवून निर्णय मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय आधी क्यूइंग मॉडेल केलेलं असेल, तर चाळीस मशीनपैकी तपशिलात उतरण्यासारखी तीन-चार कुठली, ते कळलेलं असतं.

आकडे कुठून आणायचे? जॉब कार्डवरच्या सुरू-बंद वेळा, सेटअपचे खरे वेळ आणि मेंटेनन्सची ब्रेकडाउन नोंद. तीन महिन्यांचं मिळालं तरी सुरुवात होते. सेटअपचा स्टँडर्ड टाइम घेऊ नका. स्वतः उभं राहून पाहिलेला घ्या, कारण वरच्या हिशोबात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

मॉडेल तुमच्या शॉपचंच आहे का, हे लिटल यांच्या नियमाने तपासता येतं: साठलेले नग म्हणजे दिवसाचे नग गुणिले लागणारे दिवस. २५ च्या लॉटला ३० तास म्हणजे कामाचे २ दिवस, म्हणून त्या व्हीएमसीपाशी सरासरी १०० नग असायला हवेत. आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी मोजा. शंभरच्या आसपास भरले तर मॉडेलवर तारखा द्यायला हरकत नाही. अडीचशे भरले तर आधी स्टोअरमधून माल कसा सोडला जातो ते पाहा. महिन्याचा माल एकदम सोडत असतील, तर येणाऱ्या मालाचा चढउतार १ धरून चालणारच नाही.