जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकून बघितलं, 5 पैकी 4

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्या जागी टाकायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालतं आणि 2004 पासून आहे. आमच्याकडं खानापूर भागात केबलवाल्याचं फायबर आहे, 50 एमबीपीएसचा प्लॅन. स्पीड टेस्ट कधीपण लावा, 48-49 दाखवणारच, तरी बायकोची पुण्याच्या ऑफिसची मीटिंग चालू असताना पोरानं फोनवरचे व्हिडिओ बॅकअपला टाकले की तिचा आवाज रोबोटसारखा व्हायचा. केबलवाल्याला फोन केला की एकच उत्तर, 100 चा प्लॅन घ्या की साहेब.

प्लॅन वाढवून हे जात नाही हो. अपलोडची लाइन भरली की राउटर मागचे पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) टाकून न देता रांगेत साठवत बसतो आणि मीटिंगचं एवढंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. संतीबस्तवाडच्या बाजारात एका पानाच्या जुडीसाठी ट्रॅक्टरमागं थांबल्यागत. ह्याला बफरब्लोट म्हणतात. मुंबईच्या सर्व्हरला पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं) लावून ठेवा आणि मोठी फाइल चढवायला घ्या, लगेच कळतं. आमच्याकडं एरवी 20 मिलिसेकंदाच्या आसपास असलेलं पिंग 400 च्या वर जायचं.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाचं, ही रांग सांभाळणारं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, त्यात केक (रांग लावायची एक पद्धत) निवडायचं आणि डाउनलोड-अपलोडचे आकडे खऱ्या स्पीडच्या 85 ते 95 टक्के भरायचे, किलोबिटमध्ये. मी दोन्हीकडं 45000 भरले. म्हणजे थोडा स्पीड मुद्दाम सोडायचा, त्यामुळं रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि केक सगळ्यांना पाळीपाळीनं सोडतं. आता बॅकअप चालू असला तरी पिंग 30 च्या पुढं फारसं जात नाही, मीटिंग नीट चालते, पोरगा गेम खेळताना ओरडत नाही. खर्च शून्य.

बाकीच्या ट्रिका पण करून बघितल्या. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 टाकला, साइट उघडताना सुरुवातीचा थोडा वेळ वाचतो एवढंच, डाउनलोडला काही फरक नाही. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, मात्र बघून घ्या. पीपीपीओईचं (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं) कनेक्शन असेल तर 1500 मधले 8 बाइट त्यातच जातात, म्हणून 1492. आकडा चुकला तर काही साइट अर्ध्यावर अडकतात आणि ऑफिसचं व्हीपीएन रडत चालतं. विंडोजची रजिस्ट्री बदलून नेट फास्ट करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, टीसीपीची विंडो (एका दमात किती डेटा घ्यायचा तो आकडा) विंडोज व्हिस्टापासून आपोआपच ॲडजस्ट करतंय.

वायफायचं म्हणाल तर 2.4 गिगाहर्ट्झमध्ये 1, 6, 11 यातलंच चॅनल ठेवा, आणि आमच्यासारख्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतील तर 5 गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीत पोचायची आशा सोडा, वायर ओढा.

एक स्टार कापला तो टाकतानाच्या कटकटीमुळं. राउटरच्या खालच्या स्टिकरवर मॉडेलबरोबर व्हर्जन लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत असायलाच पाहिजे. मॉडेल तेच पण व्हर्जन वेगळं, अशी फाइल टाकली तर राउटरचा पेपरवेट होतो. आणि टाकत असताना लाइट गेली तरी तेच, आमच्याकडं पावसाळ्यात काय भरवसा हो, म्हणून इन्व्हर्टरवर लावूनच करा. नवीन टाकल्यावर वायफाय बंदच असतं, पहिल्यांदा लॅनची केबल लावून आत जावं लागतं. केबलवाल्याचा डबा ब्रिज मोडला घालून घ्या, म्हणजे तो नुसती लाइन पुढं देतो आणि राउटरचं काम आपला राउटर करतो. ते करायला आलेल्या पोरानं कशाला पाहिजे म्हणून विचारलं, पण दोन मिनटात करून दिलं, पैसे घेतले नाहीत.

ज्यांचा प्लॅन 300 च्या वर आहे त्यांनी मात्र जुन्या स्वस्त राउटरवर एसक्यूएम लावू नये, त्या बिचाऱ्या प्रोसेसरला एवढं झेपत नाही आणि स्पीडच निम्म्यावर येतो. आणि फ्लो ऑफलोडिंग (पॅकेट शॉर्टकटनं पुढं पाठवायची सेटिंग) चालू ठेवलं असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला चुकवूनच जातात.